जत्रेतलं 'सौभद्र' : तिकीट शून्य, खुर्ची ज्याची त्याने ओढायची

आधीच सांगून टाकते, नंतर कुणी बोलायला नको. या नाटकातला ('सौभद्र' म्हणजे अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं संगीत नाटक) बलराम माझा चुलतदीर आहे. त्यामुळे बलरामाबद्दल जे काही चांगलं लिहीन त्यातलं निम्मं वजा करून वाचा. बाकीच्यांशी माझं देणंघेणं नाही, उलट घटोत्कचाशी थोडं वाकडंच आहे, त्याने आमच्या गेटसमोर गाडी लावलेली.

तर, मी मूळची डोंबिवलीची, सासर गोव्यात, फोंडा तालुक्यात. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढच्या वर्षी मला पुढची खुर्ची हवीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोव्यात देवळाची जत्रा म्हटलं की पालखी, खाज्याची दुकानं आणि रात्री गावच्याच लोकांनी केलेलं मराठी नाटक, हे सगळं एकाच पाकिटात येतं. त्यातही फोंड्याच्या बाजूला संगीत नाटकाचं वेड जरा जास्तच. दीनानाथ मंगेशकर जवळच्याच मंगेशीचे, गायक जितेंद्र अभिषेकीबुवाही मंगेशीचेच, त्यामुळे इथल्या चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा 'आज तिचा षड्ज लागला नाही' असं तोंड वाकडं करून सांगतो आणि वर त्याचं बरोबर असतं, हा जास्त त्रास आहे.

पाचापैकी मी साडेतीन देईन. दीड का कापला ते ओघात येईलच.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सासूबाई सांगतात त्यांच्या काळात पालखी आत गेली की अकरा-साडेअकराला पडदा वर आणि उजाडताना खाली, लोक उशी-चादर घेऊन यायचे, पोरं तिथेच झोपायची. आता रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद असा नियम आहे, वर्षातले ठराविक पंधराच दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. या लोकांनी बारापर्यंतची परवानगी काढलेली. म्हणजे साडेसातला सुरू केलं तरी हातात साडेचारच तास. आणि 'सौभद्र' म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय, १८८२ सालचं नाटक, अण्णासाहेब किर्लोस्करांना जरा कुठे जागा सापडली की त्यांनी पद घातलेलं आहे. नारद गातो, अर्जुन गातो, सुभद्रा गाते, रुक्मिणी गाते, कृष्ण तर गातोच. सगळी म्हणायची झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारचा महाप्रसाद मांडवातच वाढायला लागेल.

मग कापाकापी. आणि ही कापाकापी म्हणे नाटकापेक्षा जास्त रंगली. दोन महिने देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या खोल्या असतात त्या इमारतीत) तालमी चालू होत्या त्यातले पंधरा दिवस फक्त कुठलं पद ठेवायचं यावर भांडण. नारदाचं काम करणारे गुरुजी दोन दिवस रुसून तालमीला आलेच नाहीत कारण त्यांचं एक पद उडवलं. शेवटी तोडगा काय निघाला, तर पद ठेवायचं पण अंतरा एकच. गुरुजींनी प्रयोगात दोन्ही अंतरे म्हटले. विंगेतून कुणीतरी हात हलवत होतं, ते आम्हाला खालून दिसत होतं, गुरुजींना वरून दिसलं नाही. बरं.

साडेसातचं नाटक आठ दहाला सुरू झालं. पालखी लांबली आणि पालखीला घाई करता येत नाही हे मान्य, पण नंतरची वीस मिनिटं सत्कारात गेली. नारळ, शाल, गुच्छ, परत नारळ. अमुक महाजन, तमुक पंच, माजी पंच. मी तेव्हा मनातल्या मनात अर्धा स्टार कापला. तिथे स्टेजवर एकेक माणूस शाल पांघरून उभा आणि इकडे माझ्या डोक्यात हिशोब, ही गेली रुक्मिणी, हा गेला अर्जुनाचा अंतरा.

पण नांदी सुरू झाली आणि मी गप्प बसले. ऑर्गन. मी मुंबई-ठाण्यात बऱ्याच संगीत नाटकांना गेलेय, तिथे हल्ली सिंथेसायझरवर ऑर्गनचा आवाज काढतात, वाईट नसतो. पण इथे खराखुरा पायाने भाता मारायचा ऑर्गन होता, पिढ्यान् पिढ्यांचा, एका बाजूचं पॉलिश उडालेला. आम्ही स्टेजच्या डाव्या बाजूला होतो म्हणून मला वाजवणाऱ्याचे पाय दिसत होते. चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या आणि दोन्ही पाय आलटून पालटून सायकल मारल्यासारखे चालू, वर चेहरा असा शांत की जणू बँकेच्या रांगेत उभा आहे. सुभद्रा काळी चारमध्ये गाणार, अर्जुन काळी एकमध्ये, मधे एक सेकंद नाही, आणि हा माणूस नुसता डोळा वर करून बघतो कोण तोंड उघडतंय आणि त्या पट्टीत शिरतो. अर्जुन एकदा पद सोडून भलत्याच स्वरावर उभा राहिला तर याने आधीच तिथे स्वर धरून ठेवलेला. हा माणूस नाटक मंडळाचा नाही. बाहेरचा, नाईट (एका प्रयोगाचे पैसे) घेऊन येतो. तबलेवालाही तसाच, रुक्मिणीपण दुसऱ्या गावची, तीही नाईटवर. बाकी सगळे गावचे, ते उलट स्वतःच्या खिशातले घालतात. अर्जुन वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्टला जातो, सुभद्रा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कृष्ण पतसंस्थेत क्लार्क. (कृष्णाला पैशाचं काम जमतं हे नाटकात पण दिसलं, तेरा वेळा प्रवेश आणि एकदाही वाक्य फुकट घालवलं नाही.)

आता बक्षिसं. यावर मला नीट लिहायचंय कारण पहिल्या तासात मी यावरूनच वैतागून उठणार होते.

प्रकार असा. सुभद्रेचं पद रंगात आलेलं, दुसऱ्या अंतऱ्यावरून ती मुखड्यावर परत येतेय, सम पडली, टाळ्या, आणि लगेच विंगेतून माइकवर आवाज : 'सुभद्रेची भूमिका करणाऱ्या कलाकारास, तिच्या गायनावर खूश होऊन, वाड्यावरील एक नाट्यप्रेमी यांजकडून रोख रुपये एकशे एक, ऑर्गन साथीस एकावन्न, तबला साथीस एकावन्न, मंडळ आभारी आहे.' (वाडा म्हणजे इथे गावातली वस्ती.) सुभद्रा बिचारी तशीच विरहात उभी, पदराचं टोक हातात. मग परत नाटक. चार वाक्यं झाली की परत चिठ्ठी. एकदा तर अर्जुन संन्यासी बनून डोळे मिटून बसलेला असताना त्याला त्याच्या शिफ्टच्या ग्रुपकडून पाचशे एक आले, आणि संन्याशाच्या तोंडावर हसू आलं ते काही जाता जाईना.

मी धाकट्या जावेला म्हटलं अगं हे काय आहे, नाटक आहे का लग्नातला आहेर? ती म्हणाली, 'वयनी, तोच आहेर. ऑर्गनवाल्याचे पैसे कुठून येतात असं वाटलं तुम्हाला?'

मग मध्यंतरात मी तिच्याबरोबर मागे गेले, जिथे एक टेबल टाकून मंडळाचे दोन जण बसलेले. एक वही, एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा, एक क्यूआर कोडचा पुठ्ठा. वहीत डाव्या बाजूला खर्च लिहिलेला, ड्रेपरी (भाड्याचे पोशाख-मुकुट वगैरे), पडदे, मेकअप, साउंड, ऑर्गन, तबला, रुक्मिणी, दिग्दर्शक, मांडव, चहा. उजव्या बाजूला जमा. स्मरणिकेच्या जाहिराती (हार्डवेअरवाला, मेडिकलवाला, दोन बिल्डर आणि 'शुभेच्छुक' या नावाने अर्ध्या पानाच्या भरपूर), घरटी वर्गणी, आणि शेवटी 'प्रयोगातली बक्षिसे' असा रकाना, तो रात्री भरायचा. तो रकाना भरला नाही तर डावी-उजवी बाजू जुळत नाही. सरळ गोष्ट आहे. गॅरेजवाले एक काका आहेत, त्यांचे वडील कधीकाळी याच स्टेजवर नारद करायचे, ते दरवर्षी ऑर्गनच्या नाईटचे निम्मे पैसे देतात आणि नाव सांगू नका म्हणतात, आणि सगळ्या गावाला माहीत आहे. फुलं विकणारी बाई आहे, देवळाच्या पायऱ्यांवर बसते, तिचे एकावन्न फक्त सुभद्रेला, दरवर्षी, सुभद्रा कुणीही असो. एक मुलगा बोटीवर नोकरीला आहे, गेल्या वर्षीपर्यंत तोच अर्जुन करायचा, यंदा कॉन्ट्रॅक्टवर गेलाय, तो व्हिडिओ कॉलवर बघत होता आणि नव्या अर्जुनाला तिथून पैसे पाठवले, सोबत निरोप की दुसऱ्या अंकात घाई करू नकोस. हा निरोपसुद्धा माइकवरून वाचला गेला! नवीन अर्जुनाचं तोंड बघण्यासारखं झालं.

म्हणजे कोंडी बघा. पदं चांगली झाली की चिठ्ठ्या येतात, चिठ्ठ्या वाचायला वेळ जातो, वेळ गेला की पुढची पदं कापायला लागतात, पदं कापली की चिठ्ठ्या कमी. बारा वाजले की स्पीकर बंद. हे गणित मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसूनसुद्धा सोडवू शकले नाही. माझी मंडळाला एक नम्र सूचना, जी मी टेबलावर पण सांगितली आणि त्यांनी चहा देऊन ऐकून घेतली, की सगळ्या चिठ्ठ्या अंकाच्या शेवटी एकदम वाचा. तर वहीवाले भाऊ म्हणाले, वयनी, एक वर्ष तसं केलेलं, पैसे निम्मे झाले. माणूस टाळी वाजवताना देतो, अर्ध्या तासाने देत नाही. मग मी पण माझे पाचशे एक तिथेच दिले, ऑर्गनला, आणि नाव वाचू नका म्हटलं. त्यांनी वाचलं. 'डोंबिवलीच्या वयनी यांजकडून'. सासूबाई अजून चिडवतात.

नुसती पदं ऐकायला गेलात तर या घोषणा तुम्हाला सहन होणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. मला शेवटपर्यंत पूर्ण सहन झाल्या नाहीत. पण गावातला कुणीही त्यांना व्यत्यय मानत नाही, लोक कान देऊन ऐकतात कुणी किती दिले ते, तोही प्रयोगाचाच भाग.

साउंड. इथे अजून अर्धा स्टार गेला. वरून टांगलेले माइक आणि पुढे खाली ठेवलेले दोन, कॉलर माइक कुणालाच नाही. त्यामुळे सुभद्रेला गायचं असलं की ती तीन पावलं चालत माइकखाली येणार, मग दुःख करणार. रुक्मिणी अनुभवी, ती बोलता बोलता सहज माइकखाली येते, कळतसुद्धा नाही. साउंडवाला वाड्यावरचाच, क्रिस्तांव (ख्रिश्चन), त्याचाच जनरेटर आणि त्याच्याच खुर्च्या, आणि हा एरवी तियात्रांना (कोकणी नाटकांना) साउंड करतो. मला म्हणाला तियात्रात कांतार (गाणं) असेल तर सरळ असतं, माणूस कधी थांबणार ते कळतं, इथे तान सुरू झाली की माझा हात फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर) थरथरतो. शिट्टी चार वेळा वाजली, पण त्याचा हात थरथरत होता म्हणून माफ. (तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ चा, मुंबईतला. म्हणजे 'सौभद्र' त्याहून दहा वर्षांनी मोठं, तेही पुण्यात जन्मलेलं. दोघांनाही या माणसाचीच केबल लागते, मला हे जाम आवडलं.)

ड्रेपरी मात्र खराब, उरलेला अर्धा स्टार इथे. कुठल्या गावची ते लिहीत नाही, पण भाड्याने आलेला कृष्णाचा मुकुट दोन नंबर मोठा होता, आत वर्तमानपत्राच्या घड्या घालून बसवलेला, आणि कृष्णाने मान डावीकडे वळवली की मुकुट एक क्षण मागे राहून मग वळायचा. नारदाच्या वीणेला तारा तीन. सुभद्रेचा शालू तिच्या आईचा स्वतःचा होता म्हणून बरा. ड्रेपरीवाल्याला सांगितलं तर म्हणाला जत्रेच्या सीझनमध्ये एका रात्री पाच ठिकाणी माल जातो, मिळालं ते घ्या. खरं असेल, पण पैसे तर मुकुट बसणाऱ्याइतकेच घेतले ना.

घटोत्कच. याच्याबद्दल राग होता हे सांगितलंच आहे. झोपलेल्या सुभद्रेला उचलून न्यायचं हे त्याचं मुख्य काम. पोरगा जिमला जातो, दंड दाखवायला बाह्या कापलेल्या. आला, गर्जना केली, पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं, इथपर्यंत उत्तम. उचलताना सुभद्रेच्या गजऱ्यात त्याची माळ अडकली. आता सुभद्रा झोपेत असल्यामुळे तिला काही करता येईना. आमच्या इथून दिसत होतं, ती डोळे मिटून एका हाताने हळूच, अगदी मुंगीच्या पावलाने, माळ सोडवत होती, आणि तो तिला अर्धवट उचललेल्या अवस्थेत गर्जना करत वेळ काढत होता. तीन गर्जना झाल्या. चौथीला माळ सुटली. टाळ्या घटोत्कचाला पडल्या, आणि चिठ्ठीपण त्यालाच आली, एकशे एक. सुभद्रेला काही नाही. हा अन्याय आहे.

प्रॉम्प्टर एक म्हातारे गृहस्थ, डाव्या विंगेत स्टुलावर, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. वही उघडलीच नाही त्यांनी. नाटक पाठ. ओठ सतत हलत होते, सगळ्यांची वाक्यं, सगळ्यांची पदं, बायकांचीसुद्धा. पूर्वी सुभद्रा हेच करायचे, बायका स्टेजवर येत नव्हत्या तेव्हा. किर्लोस्करांच्या कंपनीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा करायचे हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं, इथे तसा माणूस स्टुलावर बसून चहा पीत होता. मी त्यांना विचारलं काका, नवीन मुलगी कशी वाटते. म्हणाले, गळा बरा आहे, पण लाजते कमी.

खाण्याचं : देवळाच्या आवाराबाहेर पातळभाजी-पाव आणि मिरची भजी, गरम, रांग मोठी. महिला मंडळाच्या स्टॉलवरचा शिरा जरा गोड जास्त. खाजं जत्रेतलंच घ्या, तिथे दोन-तीन दुकानं सोडून शेवटच्या दुकानातलं, आल्याची चव ठसठशीत आहे. चहा मंडळाचा, फुकट, पण तो कलाकारांसाठी असतो, ओळख लागते. टॉयलेट अग्रशाळेत, स्वच्छ, बल्ब एकच आणि तोही बाहेर.

बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या तीन रांगा सत्कारवाल्यांच्या. ते लोक सत्कार झाल्यावर अर्ध्या तासात उठून गेले आणि रांगा रिकाम्या, पण तिथे कुणी जाऊन बसेना कारण खुर्चीवर कागद चिकटवलेला. हे दरवर्षीचं आहे म्हणे.

आणि शेवट. अकरा पंचावन्नला वहीवाले भाऊ विंगेत घड्याळ दाखवताना दिसले. अजून बलरामाचा राग बाकी होता. दुर्योधनाला द्यायची ठरवलेली बहीण अर्जुनाबरोबर बघून तो पेटतो आणि मग कृष्ण त्याला शांत करतो तो प्रवेश, म्हणजे आमच्या भाऊजींचा मुख्य प्रवेश, दोन महिने घरात आरशासमोर केलेला. बारा वाजले. साउंडवाल्याने खरोखर फेडर खाली ओढले. लाइट चालू, माइक बंद. नाटक थांबेल असं मला वाटलं, थांबलं नाही. मागच्या रांगांना काही ऐकू येईना, तर लोक उठले आणि आपापली खुर्ची ढुंगणाखालीच धरून पुढे सरकायला लागले. दोनेकशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवरून ओढल्याचा आवाज काय असतो तो ऐकलाय का कधी? त्यात बलरामाची पहिली चार वाक्यं बुडाली. भाऊजी थांबले. खरंच थांबले, गदा खांद्यावर घेऊन, आणि पुढे येणाऱ्या लोकांकडे बघत राहिले, सगळे बसेपर्यंत. कागद चिकटवलेल्या तीन रांगाही भरल्या. सासूबाई आणि मी दुसऱ्या रांगेत पोचलो. मग त्यांनी पहिल्यापासून राग सुरू केला, आणि विना माइक त्यांचा आवाज, निम्मं वजा करून सुद्धा सांगते, चांगला लागला. अर्थात ते रोज कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) स्टँडवर गाड्यांची नावं ओरडतात, सराव आहे.

शेवटी एक पद कापलेलं होतं ते सुभद्रेने म्हटलंच. माइक नाही, त्यामुळे चिठ्ठ्या वाचायची सोय नाही. ऑर्गन अगदी हळू, दोन स्वरांवर. चिठ्ठ्या येत राहिल्या, एक पोरगा त्या गोळा करून टेबलावर नेऊन देत होता, वाचल्या कुणीच नाहीत.

रकाना भरला का ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. दोन हजार कमी पडले, गॅरेजवाल्या काकांनी दिले.

जाणार असाल तर : जत्रा मार्गशीर्षात, तारीख पंचांगात बघा. गाडी देवळामागच्या शेतात लावा, वाटेतल्या कुणाच्या गेटसमोर लावू नका. सुटे पैसे न्या, एकावन्न आणि एकशे एकची पाकिटं घरूनच करून नेलीत तर उत्तम, कारण तिथे एक रुपयाचं नाणं मिळत नाही, आणि क्यूआरला रेंजचा भरवसा नाही.